डॉक्स उघडले, आता वाचायचं कुठून?

जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क, तयार सांगाडा. त्याच्या डॉक्समधलं, म्हणजे अधिकृत माहितीपानांतलं, क्वेरीसेटचं (डेटाबेसमधून मागवलेल्या नोंदींच्या संचाचं) पान पहिल्यांदा उघडलं की उजवीकडची स्क्रोलपट्टी नखाएवढी होते. मेथडमागून मेथड, प्रत्येकीखाली कोड, मधेच रंगीत चौकटीतली सूचना, मधेच तिसऱ्याच पानाची लिंक. नवा माणूस दोन मिनिटं वरखाली करतो, टॅब बंद करतो आणि व्हिडिओ शोधायला लागतो. मीही कितीतरी दिवस हेच केलं. गंमत म्हणजे मला हवं असलेलं उत्तर त्याच पानावर होतं, तीन ओळींत. ते पान पुस्तकासारखं वरून खाली वाचायचं नसतं, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढची उदाहरणं बहुतेक पायथन आणि जँगोमधली आहेत, कारण माझा हात त्यांवर बसलाय. तुम्ही रिअॅक्ट, जावा किंवा आणखी कशावर काम करत असलात तरी पानांची ठेवण फारशी बदलत नाही. आणि हो, इथे फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. पानावर आणि एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत दिसतील.

पहिलं काम: व्हर्जन जुळवा

वाचायला सुरुवात करण्याआधी दोन आकडे बघा. तुमच्या मशीनवर फ्रेमवर्कचं कुठलं व्हर्जन आहे, आणि समोरचं पान कुठल्या व्हर्जनचं आहे. पहिला आकडा टर्मिनलमध्ये मिळतो: पायथनवाल्यांनी 'पिप शो' आणि पुढे पॅकेजचं नाव टाकावं, जावास्क्रिप्टवाल्यांनी 'एनपीएम एलएस' चालवावं. दुसरा आकडा पानावरच असतो. पायथनच्या डॉक्समध्ये वर डावीकडे ड्रॉपडाउन आहे, जँगोच्या डॉक्समध्ये खाली उजव्या कोपऱ्यात. बहुतेक वेळा तो पत्त्यातही असतो. पत्त्यात आकड्याऐवजी 'डेव्ह' असेल तर ते अजून बाहेर न आलेल्या व्हर्जनचं पान आहे; त्यातली एखादी सोय तुमच्याकडे नसेलच.

हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण नवख्यांच्या अडचणी ऐकताना मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. शोधयंत्रं जुनी पानं आनंदाने वर आणतात, कारण वर्षानुवर्षं लोकांनी त्यांनाच लिंक दिलेल्या असतात. जँगोमध्ये पूर्वी रूट (कुठल्या पत्त्यावर कुठला कोड चालवायचा ते) लिहायला 'यूआरएल' नावाचं फंक्शन वापरायचे. 2.0 मध्ये 'पाथ' आलं आणि 4.0 मध्ये 'यूआरएल' काढूनच टाकलं. आज जुन्या पानावरून ते उचललंत तर पहिल्याच ओळीला इम्पोर्ट एरर येईल, आणि तुम्ही समजाल की आपलं इन्स्टॉलेशन बिघडलंय. जँगोची फार जुनी पानं वर ठळक इशारा दाखवतात की हे व्हर्जन आता सुरक्षित नाही. तो इशारा जाहिरातीसारखा डोळ्याआड करू नका.

नावाचा घोळ याहून वाईट. अँग्युलरजेएस आणि अँग्युलर ही दोन वेगळी फ्रेमवर्क आहेत. दुसरं 2016 मध्ये नव्याने लिहून आलं आणि पहिल्याचा अधिकृत आधार जानेवारी 2022 मध्ये संपला. तरी शोधात दोन्हींची पानं शेजारी शेजारी दिसतात. रिअॅक्टची नवी साइट मार्च 2023 मध्ये आली, जुनी वेगळ्या पत्त्यावर अजून उभी आहे. ती वाचता येते, पण तिथली शिकवण्याची पद्धत क्लास कंपोनंटच्या, म्हणजे पानाचे तुकडे क्लास म्हणून लिहिण्याच्या, काळातली आहे.

आपण कुठल्या जातीच्या पानावर आहोत?

जँगोचे डॉक्स स्वतःच सांगतात की त्यांची पानं चार प्रकारची आहेत: ट्युटोरियल, टॉपिक गाइड, हाउ-टू आणि रेफरन्स. इतरत्र नावं वेगळी असतील, प्रकार साधारण हेच.

ट्युटोरियल हात धरून एक छोटं काही बांधून घेतं. टॉपिक गाइड कल्पना समजावतो: मायग्रेशन म्हणजे काय, मिडलवेअर कशासाठी. हाउ-टू एका कामाची कृती देतो. आणि रेफरन्स म्हणजे खातेवही, प्रत्येक फंक्शनची नोंद, काहीही न वगळता आणि काहीही न समजावता. नवखा माणूस शोधयंत्रातून थेट येऊन पडतो तो रेफरन्सवर, आणि तिथे समजावून सांगण्याची वाट बघत बसतो. ते काम त्या पानाचं नाही. 'हे आहे तरी काय?' असा प्रश्न असेल तर पानांच्या यादीतून टॉपिक गाइडकडे जा. 'हे फंक्शन नक्की काय परत देतं?' असा असेल तर रेफरन्समध्येच थांबा.

टॉपिक गाइड वाचण्याचा आणखी एक फायदा आहे, जो मला उशिरा कळला. तो तुम्हाला शब्द देतो. यादीचे दहा-दहाचे तुकडे करून 'पुढचं पान' बटण द्यायचं असेल तर शोधायचं काय? डॉक्स त्याला 'पेजिनेशन' म्हणतात. तो शब्द माहीत नसेल तर शोधपेटीत काहीही टाका, हाती काही लागत नाही. म्हणून नवीन फ्रेमवर्क धरताना मी टॉपिक गाइडची नुसती शीर्षकं एकदा नजरेखालून घालतो. वीस मिनिटांचं काम आहे. मजकूर वाचत नाही, फक्त कुठल्या गोष्टीला इथे काय म्हणतात ते बघून ठेवतो.

प्रश्न लिहा, मग पान उघडा

रेफरन्सवर जाण्याआधी प्रश्न एका ओळीत लिहून काढा. 'डेटाबेस कसा वापरायचा' हा प्रश्न नाही. 'ईमेलवरून एक युजर शोधायचा आहे. तो नसेल तर काय होतं?' हा प्रश्न आहे. मग पानावर कंट्रोल-एफ. साइटची स्वतःची शोधपेटी असेल तर तीही चालते. अनेक साइटवर तिरकी रेघ दाबली की कर्सर थेट तिच्यात जातो. पायथनच्या डॉक्सना पुस्तकासारखी शब्दसूचीही आहे.

हाच ईमेलचा प्रश्न घेऊन क्वेरीसेटच्या पानावर जाऊ. पानावर मेथड्सचे मोठे गट पाडलेत: नवा क्वेरीसेट परत देणाऱ्या आणि न देणाऱ्या. ही दोन शीर्षकंच अर्धं काम करतात. 'फिल्टर' पहिल्या गटात आहे, म्हणजे त्यातून युजर मिळणार नाही, युजरांचा संच मिळेल; कुणीच नसेल तर रिकामा संच, एरर नाही. 'गेट' दुसऱ्या गटात आहे आणि त्याच्या नोंदीत स्पष्ट लिहिलंय: काहीच सापडलं नाही तर 'डझनॉटएक्झिस्ट' हा अपवाद, एकापेक्षा जास्त सापडले तर 'मल्टिपलऑब्जेक्ट्सरिटर्न्ड'. 'फर्स्ट' त्याच गटात, पण काही नसेल तर ते गुपचूप 'नन' (पायथनमधलं 'काहीच नाही') देतं. तीन मेथड्स, आणि 'नाही' म्हणायच्या तीन तऱ्हा. यातली कुठली हवी हे तुमच्या कामावर ठरेल, पण ते ठरवायला लागणारी सगळी माहिती दोन मिनिटांत मिळाली, ती प्रश्न हातात होता म्हणून.

सिग्नेचर: एक ओळ, पण नीट

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक ओळ असते, तिला सिग्नेचर म्हणतात. बहुतेक जण ती ओलांडून थेट खालच्या उदाहरणाकडे जातात. मी म्हणेन, उलटं करा. पायथनमधल्या 'सॉर्टेड'ची ओळ अशी आहे:

सॉर्टेड(इटरेबल, /, *, की=नन, रिव्हर्स=फॉल्स)

डावीकडून येऊ. 'इटरेबल'पुढे बरोबरचं चिन्ह नाही, म्हणजे तो द्यावाच लागणार. आणि शब्द 'लिस्ट' नाही, 'इटरेबल' आहे. ज्यावरून फॉर-लूप फिरवता येतो असं काहीही चालेल: लिस्ट, टपल, सेट, डिक्शनरी, अगदी उघडलेली फाइलसुद्धा.

मग ती तिरकी रेघ. ती आर्ग्युमेंट नाही, खूण आहे: तिच्या डावीकडचं सगळं फक्त जागेवरून द्यायचं, नाव घेऊन नाही. पायथन 3.8 पासून ही खूण आपल्या स्वतःच्या कोडमध्येही लिहिता येते. त्यानंतरचा तारा बरोबर उलटं सांगतो: याच्या उजवीकडचं सगळं नाव घेऊनच द्या. म्हणून शब्दांची यादी लांबीनुसार लावायला कुणी सॉर्टेड(शब्द, लेन) लिहिलं तर टाइप एरर येते; लिहायचं सॉर्टेड(शब्द, की=लेन). एरर वाचून कोडं पडतं, पण उत्तर त्या ताऱ्यात आधीच लिहिलेलं आहे.

'की=नन' म्हणजे हे दिलं नाही तरी चालेल, न दिल्यास 'नन' धरलं जाईल. पण द्यायचं झालं तर काय द्यायचं? 'नन'वरून ते कळत नाही. हे सिग्नेचर सांगू शकत नाही, इथे खालचा मजकूर लागतो: एक आर्ग्युमेंट घेणारं फंक्शन, जे प्रत्येक घटकातून तुलनेची किल्ली काढतं. फंक्शन द्यायचंय, त्याचं उत्तर नाही. म्हणून 'लेन', कंसाशिवाय. हा कंस लावण्याची चूक सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग: परत काय येतं? 'सॉर्टेड' नवी लिस्ट देतं, मूळ वस्तूला हात लावत नाही. टपल दिलंत तरी लिस्टच येते. त्याची बहीण म्हणजे लिस्टवरची 'सॉर्ट' मेथड. तिच्या नोंदीत दोन शब्द आहेत: 'इन प्लेस'. म्हणजे असलेल्या जागीच बदल. ती परत देते 'नन'. यादी = यादी.सॉर्ट() असं लिहिलंत की यादी गेली, हातात 'नन' राहिला. दोन शब्द न वाचल्याची किंमत.

चिन्हांबद्दल अजून थोडं. काही डॉक्समध्ये सिग्नेचरच्या आत चौकटी कंस दिसतात. त्याचा अर्थ 'आतलं ऐच्छिक आहे' एवढाच. ते कंस टाइप करायचे नसतात. कंसात कंस असेल तर बाहेरचं दिल्याशिवाय आतलं देता येत नाही. टाइपस्क्रिप्टच्या पानांवर नावाला चिकटलेलं प्रश्नचिन्ह म्हणजे ऐच्छिक, आणि उभी रेघ म्हणजे 'किंवा'. अॅरेवरच्या 'फाइंड'चा परतावा 'टी | अनडिफाइन्ड' असा लिहिलेला दिसतो. 'टी' म्हणजे अॅरेत जे काही असेल ते. उभ्या रेघेनंतरचा भाग म्हणजे तुम्हाला दिलेली धोक्याची सूचना: सापडलं नाही तर काय करणार, ते ठरवून ठेवा.

चौकटी वाचा, उदाहरणाआधी

इथे माझीच फजिती सांगतो. एका प्रकल्पात जँगोच्या मॉडेलवर (डेटाबेसमधल्या तक्त्याचं वर्णन करणाऱ्या क्लासवर) 'शेवटचा बदल' नावाचं फील्ड होतं, 'ऑटो-नाऊ' लावलेलं, म्हणजे नोंद बदलली की वेळ आपोआप पडावी. काही शे नोंदींची स्थिती एकदम बदलायची होती. मी रेफरन्स उघडला, 'अपडेट' शोधलं, उदाहरण उचललं, नावं बदलली, चालवलं. स्थिती बदलली. वेळ जुनीच. संध्याकाळभर मी टाइमझोनच्या सेटिंग्जशी झटापट करत बसलो, सर्व्हरचं घड्याळसुद्धा तपासलं.

उत्तर त्याच 'अपडेट'च्या नोंदीत, उदाहरणांच्या बरंच खाली होतं: ही मेथड थेट डेटाबेसमध्ये बदल करते, मॉडेलची 'सेव्ह' मेथड चालवत नाही आणि सेव्हच्या आगेमागे बाकीच्या कोडला जाणाऱ्या सूचना, म्हणजे सिग्नलही, पाठवत नाही. 'ऑटो-नाऊ'च्या पानावर दुसरी बाजू होती: हे फील्ड फक्त 'सेव्ह' झालं तरच बदलतं, आणि तिथे 'अपडेट'चं नाव घेऊन इशारा दिलेला आहे. दोन पानं, दोन वाक्यं. मी दोन्ही पानांवर जाऊन आलो होतो, पण फक्त कोडचे डबे बघून.

तेव्हापासून नोंद उघडली की माझी नजर आधी सिग्नेचरवर, मग 'नोट' आणि 'वॉर्निंग'च्या चौकटींवर, मग 'काय परत येतं' आणि 'कुठल्या एरर' यांवर, आणि सगळ्यात शेवटी उदाहरणावर जाते. उदाहरण नेहमी सगळं सुरळीत चाललेल्या दिवसाचं असतं. रिअॅक्टच्या नव्या साइटवर यासाठी 'कॅव्हियट्स' नावाचा वेगळा भागच आहे; 'यूजस्टेट'च्या पानावर तो वाचला की सेट-फंक्शन बोलावल्यावर लगेच पुढच्या ओळीत जुनीच किंमत का दिसते, ते कळतं. ब्राउझरमधल्या, सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या 'फेच'चंही तसंच. सर्व्हरने 404 ('सापडलं नाही') दिला तरी त्याचं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू) नाकारलं जात नाही, ते फक्त विनंतीच फसली तर, उदाहरणार्थ नेटवर्क तुटलं तर, नाकारलं जातं. 'ओके' हा गुणधर्म आपणच तपासायचा. हे मोझिलाच्या एमडीएन पानावर लिहिलेलं आहे, आणि तरीही निम्म्या नवख्या कोडमध्ये ही तपासणी नसते.

क्लासचं पान रिकामं का दिसतं?

कधीकधी डॉक्स सांगतात की 'गेट-क्वेरीसेट' ओव्हरराइड करा, म्हणजे ती मेथड आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहा; तुम्ही 'लिस्टव्ह्यू'च्या (यादी दाखवणाऱ्या तयार क्लासच्या) पानावर जाता आणि तिथे त्या मेथडची सविस्तर नोंदच नाही. पान अर्धवट नाही. मेथड आजोबांकडून, म्हणजे हा क्लास ज्या क्लासांवर बेतलाय त्यांच्याकडून, आलेली आहे. लिस्टव्ह्यूच्या पानावर पूर्वजांची यादी दिलेली असते, आणि कुठली मेथड कुठल्या क्रमाने चालते तेही. यादीतल्या योग्य नावावर क्लिक केलं की पूर्ण नोंद सापडते. जावाच्या डॉक्समध्ये वारशाने आलेल्या मेथड्स पानात खाली नुसत्या नावांच्या ओळीने दिलेल्या असतात, वर मात्र क्लासच्या स्वतःच्या मेथड्सचा तक्ता असतो. तक्त्यात नाही म्हणून मेथडच नाही असं समजू नका, खालपर्यंत जा.

वाचलेलं लगेच चालवून बघा

एडिटरशेजारी पायथनचा कन्सोल किंवा ब्राउझरचं डेव्हलपर टूल्स उघडं ठेवा. नोंद वाचताना जे समजलं असं वाटतं ते एका ओळीत चालवा, शक्यतो उदाहरणातली किंमत बदलून: रिकामी यादी, नन, दोनदा तीच गोष्ट. कन्सोलमध्ये 'हेल्प' फंक्शनला नाव दिलं की तुमच्या मशीनवरच्या व्हर्जनचीच माहिती दिसते. पहिल्या पायरीचा घोळ इथे संभवतच नाही.

काही इंग्रजी शब्द अडवतात

डॉक्सची इंग्रजी अवघड नसते, पण तिच्यात ठरावीक शब्द ठरावीक अर्थाने येतात. 'रेझेस' किंवा 'थ्रोज' म्हणजे ही एरर इथून येऊ शकते, ती झेलायची तयारी ठेवा. 'डेप्रिकेटेड' म्हणजे आज चालतंय, पुढच्या एखाद्या व्हर्जनमध्ये काढणार. नव्या कोडमध्ये घेऊ नका, शेजारी पर्यायाचं नाव बहुधा दिलेलं असतं. 'लेझी' म्हणजे आळशी खरंच: क्वेरीसेट बनवला तरी डेटाबेसकडे प्रश्न जात नाही, तुम्ही त्यावरून फिरायला लागलात की जातो. 'अनडिफाइन्ड बिहेव्हियर' दिसलं तर तिथे अंदाज बांधू नका. आज चाललं म्हणून उद्या चालेल याची हमी कुणी दिलेली नाही. आणि 'मस्ट' व 'शुड' यांत फरक आहे. पहिलं बंधन, दुसरं शिफारस. इंटरनेटच्या मानकांत तर या शब्दांचे अर्थ 1997 च्या आरएफसी 2119 या दस्तऐवजात पक्के करून ठेवलेत.

भाषांतर यंत्राने केलेलं पान मी टाळतो. ते कधीकधी आर्ग्युमेंटची नावंही भाषांतरित करून टाकतं, मग शोधायचं काय तेच हरवतं. एखादा परिच्छेद अडला तर तेवढाच भाषांतरित करून बघावा, सिग्नेचर मूळचीच ठेवावी.

डॉक्स गप्प बसतात तेव्हा

सगळं वाचूनही प्रश्न उरला तर दोन जागा राहतात. व्हर्जन बदलल्यावर काही मोडलं असेल तर रिलीज नोट्स, त्यातला 'मागच्याशी न जुळणारे बदल' हा भाग. बाकी सगळ्यासाठी सोर्स. पायथनमधल्या बऱ्याच मॉड्यूलच्या पानावर वरच सोर्स फाइलची लिंक असते. एडिटरमध्ये कंट्रोल धरून नावावर क्लिक केलं तरी तिथेच पोहोचता.

सोर्स म्हटलं की नवखे दचकतात. पहिल्यांदा जँगोचं 'गेट-ऑर-क्रिएट' उघडून बघा. डॉक्स सांगतात की ते दोन गोष्टींचं टपल देतं: वस्तू, आणि ती आत्ता नव्याने बनली का. आत बघितलं तर काम असं चालतं: आधी 'गेट' करून बघायचं, मिळालं तर ते आणि 'फॉल्स'. 'डझनॉटएक्झिस्ट' आला तर 'क्रिएट', आणि 'ट्रू'. पण तिथे संपत नाही. 'क्रिएट' करताना डेटाबेसने 'इंटेग्रिटी एरर' (त्याचा नियम मोडल्याची एरर) दिली, तर ते पुन्हा एकदा 'गेट' करतं. का? कारण मधल्या क्षणात दुसऱ्या कुठल्या तरी विनंतीने तीच नोंद बनवलेली असू शकते. आता डॉक्समधल्या त्याच नोंदीकडे परत जा. तिथे सूचना दिसेल की हे सगळं सुरक्षितपणे चालायला डेटाबेसने त्या फील्डवर युनिक बंधन (तीच किंमत दोनदा नको) पाळायला हवं. पहिल्या वाचनात ते वाक्य मी कायदेशीर मजकूर समजून सोडून दिलं होतं.